हर्पीसची परीक्षा : एका वैद्यकीय प्रश्नाचा इतिहास

निरोध वापरून शरीरसंबंध आला आणि पुढे मनात शंका उद्भवली, तर रक्त तपासून संसर्ग झाला की नाही हे निश्चित सांगता येईल काय? जननेंद्रियाच्या हर्पीससंबंधीचा हा प्रश्न आज साधा वाटतो. परंतु तो या स्वरूपात विचारता येण्यास वैद्यकाला सुमारे अडीच शतके लागली.

'हर्पीस' हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे. मराठीत ज्याला 'नागीण' म्हणतात तो विकार याच कुलातील दुसऱ्या विषाणूमुळे होतो. दोहोंची गल्लत करणे योग्य नाही. फ्रेंच वैद्य झां आस्त्रुक याने १७३६ मध्ये गुप्तरोगांवरील आपल्या ग्रंथात जननेंद्रियावरील या पुळ्यांचे वर्णन केले. १८८६ मध्ये दिदे व दोयों यांनी त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला; परंतु या पुळ्या बहुधा उपदंश, परमा यांसारख्या रोगांच्या मागून येतात, असे त्यांचे मत होते. पुळीतील द्रव्य स्वतःच सांसर्गिक आहे, हे १९१९ मध्ये लोवेनस्टाईन याने ओठावरील पुळीतील द्रव सशाच्या डोळ्यात घालून दाखविले. ओठावरील व जननेंद्रियावरील विकारांत भेद असावा, असे लिपशुट्झ याने १९२१ मध्ये सुचविले. या भेदास भक्कम आधार मिळाला तो १९६२ मधील श्नेवाइस याच्या आणि १९६७ मधील डाउडल, नाहमियास प्रभृतींच्या संशोधनाने.

तथापि भेद कळला म्हणून रक्तपरीक्षा सुलभ झाली नाही. दोन्ही प्रकारांची प्रतिद्रव्ये परस्परांशी इतकी मिळतीजुळती असतात की, बालपणीच पहिल्या प्रकाराची लागण झालेल्याचे रक्तही जुन्या परीक्षांत संशयास्पद ठरे. विषाणूच्या आवरणातील 'जी' नामक प्रथिन मात्र दोहोंत भिन्न आहे. त्यावर आधारलेल्या परीक्षा १९९९ मध्ये अमेरिकेत बाजारात आल्या, तेव्हा प्रकार ओळखणे सुलभ झाले.

याही परीक्षेस मर्यादा आहेत. प्रतिद्रव्ये तयार होण्यास काही आठवडे, कधी बारा आठवड्यांपर्यंतचा काळ लागतो. म्हणून संबंधानंतर लगेच केलेली परीक्षा त्या प्रसंगाविषयी नव्हे, तर पूर्वायुष्याविषयी सांगते. पहिल्या प्रकाराची प्रतिद्रव्ये आढळली तरी लागण ओठास की जननेंद्रियास, हे कळत नाही. दुसऱ्या प्रकाराचा क्षीण होकार पुष्कळदा खोटा ठरतो. या कारणास्तव लक्षणे नसलेल्यांची सरसकट रक्तपरीक्षा करू नये, असा निर्णय अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने २०१६ मध्ये दिला व २०२३ मध्ये कायम केला. ताजी पुळी आली असल्यास तिच्यातील द्रवाची विषाणूसाठी केलेली तपासणी अधिक निर्णायक असते.

निरोधाविषयीची समजूतही अशीच बदलत गेली. पुळी दिसत असेल तेव्हाच संसर्गाचे भय, ही जुनी कल्पना मागे पडली. ज्यांना कधी लक्षणे जाणवली नव्हती अशांच्या अंगातूनही विषाणू बाहेर पडतो, हे सिॲटल येथील संशोधकांनी २००० मध्ये दाखविले. निरोधाने सर्व त्वचा झाकली जात नाही. २००९ मध्ये सहा अभ्यासांचे एकत्रित विवेचन झाले. त्यात निरोधाचा नित्य वापर करणाऱ्यांना दुसऱ्या प्रकाराच्या लागणीचा धोका, तो कधीही न वापरणाऱ्यांच्या तुलनेने, सुमारे ३० टक्के कमी आढळला.

तात्पर्य, निरोधाने धोका घटतो, नाहीसा होत नाही. आणि परीक्षेने ज्ञान वाढते, परंतु ते योग्य वेळी व योग्य प्रश्न विचारल्यासच. भयाच्या भरात अवेळी केलेल्या परीक्षेचा नकार खोटा दिलासा देतो, तर क्षीण होकार निष्कारण कलंक लावतो. या रोगाच्या इतिहासाने शिकविलेला हा विवेक परीक्षेइतकाच महत्त्वाचा आहे.