तेरचं कापड, रोमची जहाजं

आम्हा लातूर-नांदेडकरांना समुद्र दूरच. पण लातूरशेजारचं, तेरणाकाठचं तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत त्याचं नाव आहे. पैठणहून पूर्वेला 10 दिवसांची वाट. इथलं जाडंभरडं कापड, मलमल गाड्यांवर लादून, बिकट वाटांनी भडोच बंदरात जाई. जुलैत इजिप्तहून निघालेली जहाजं नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर तिथं येत, हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यांवर परतत. आमच्या शेतांना पाऊस देणारा वाराच गिऱ्हाईक आणत होता! त्या पुस्तकात बंदरं आहेत, माल आहे. विणकराचं, गाडीवानाचं नाव नाही. तेरचं संग्रहालय पाहाल, तेव्हा त्यांचीही आठवण काढा.