‘मगवंप’ : १८८४ ची अमेरिकन निवडणूक आणि स्वतंत्र मतदाराची कल्पना

राजकीय शब्दांचा इतिहास हा पुष्कळदा राजकीय भांडणांचाच इतिहास असतो. प्रतिपक्षास हिणविण्यासाठी फेकलेला शब्द त्याच प्रतिपक्षाने पुढे अभिमानाने धारण करावा, ह्याची उदाहरणे इंग्लंडमधील ‘व्हिग’ आणि ‘टोरी’ ह्या नावांपासून आढळतात. अमेरिकेच्या १८८४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गाजलेला ‘मगवंप’ हा शब्द त्याच जातीचा होय. आपल्या पक्षाचा उमेदवार अयोग्य वाटल्यामुळे विरुद्ध पक्षाच्या उमेदवारास मत देणाऱ्या रिपब्लिकनांना हे नाव मिळाले. स्वतंत्र मतदार म्हणजे कोण, आणि त्याच्या स्वातंत्र्याची मर्यादा कोणती, ह्या प्रश्नाचा विचार करावयास हे प्रकरण विशेष उपयोगी आहे.

शब्दाचे मूळ अल्गॉन्क्विअन भाषाकुलातील मॅसॅच्युसेट भाषेत आहे. तीत ‘मगक्वॉम्प’ म्हणजे नायक वा सरदार. जॉन एलियट ह्या धर्मोपदेशकाने ह्या भाषेत केलेले बायबलचे भाषांतर १६६३ मध्ये पूर्ण छापून निघाले. त्यात उत्पत्तीच्या ३६ व्या अध्यायातील एदोमाच्या सरदारांसाठी हाच शब्द योजिलेला आहे. पुढे इंग्रजीत तो थट्टेने ‘स्वतःस फार मोठा समजणारा’ ह्या अर्थाने आला. १८८४ मध्ये चार्ल्स डेना ह्यांच्या ‘न्यूयॉर्क सन’ ह्या पत्राने तो स्वतंत्र रिपब्लिकनांवर चिकटविला. पक्षाहून स्वतःची सदसद्विवेकबुद्धी श्रेष्ठ मानणारा तो मगवंप, असा त्यातील टोमणा होता. ज्यांना तो मारला त्यांनी तो आनंदाने स्वीकारला.

हा टोमणा इतका झोंबरा का होता, हे समजण्यासाठी त्या काळची मतदानपद्धती ध्यानात घेतली पाहिजे. सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका तेव्हा अमेरिकेत नव्हती. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या नावांची ‘तिकिटे’ स्वतः छापून वाटीत असे, आणि आकार व रंग ह्यांवरून मतदाराच्या हातातील तिकीट कोणत्या पक्षाचे हे मतदानकेंद्रावरील कोणासही ओळखू येई. एखादे नाव नको असल्यास ते खोडावे लागे किंवा त्यावर दुसऱ्या नावाची चिठ्ठी डकवावी लागे. ह्या ‘खोडण्या’च्या क्रियेवरूनच न्यूयॉर्कमधील काही तरुण रिपब्लिकनांना १८७९ मध्ये ‘खोडणारे’ हे नाव पडले होते. तात्पर्य, पक्ष सोडणे ही चार लोकांसमक्ष घडणारी कृती होती. शिवाय रिपब्लिकन पक्ष हा यादवी युद्धात संघराज्य राखणारा आणि गुलामगिरी नष्ट करणारा पक्ष होता. १८६० पासून १८८० पर्यंतच्या सहाही अध्यक्षीय निवडणुका त्याने जिंकल्या होत्या. उत्तरेतील सुशिक्षित कुटुंबांच्या दृष्टीने त्याचा त्याग हा जवळजवळ धर्मत्यागच होता.

जून १८८४ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात रिपब्लिकनांनी जेम्स ब्लेन ह्यांना चौथ्या फेरीत उमेदवारी दिली. ब्लेन हे बुद्धिमान आणि लोकप्रिय वक्ते होते. परंतु प्रतिनिधिगृहाचे सभापती असताना लिटल रॉक आणि फोर्ट स्मिथ रेल्वेला साहाय्यक ठरलेला निर्णय देऊन पुढे तिच्या रोख्यांच्या विक्रीत त्यांनी लाभ मिळविला, असा त्यांच्यावर आरोप होता. ह्या व्यवहाराची पत्रे १८७६ मध्येच गाजली होती. सप्टेंबर १८८४ मध्ये आणखी काही पत्रे प्रसिद्ध झाली; त्यांतील एकावर ते जाळून टाकण्याची सूचना होती. डेमोक्रॅटिक पक्षाने जुलैमध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलंड ह्यांना उभे केले. कारभारातील सचोटीबद्दल त्यांची ख्याती होती. परंतु त्याच महिन्यात बफेलोतील एका पत्राने, क्लीव्हलंड ह्यांच्यापासून एका स्त्रीला विवाहबाह्य अपत्य झाल्याची हकीकत छापली. काय सांगावे, असे मित्रांनी विचारता क्लीव्हलंड ह्यांनी खरे तेच सांगण्यास कळविले.

अशा रीतीने स्वतंत्र मतदारापुढे एक विलक्षण तराजू आला. एका पारड्यात खाजगी जीवनात निष्कलंक पण सार्वजनिक व्यवहारात संशयास्पद गृहस्थ. दुसऱ्यात सार्वजनिक व्यवहारात चोख पण खाजगी जीवनात दोषी गृहस्थ. ह्यावर त्या वेळी एक युक्तिवाद प्रसिद्ध झाला होता : ज्याने सार्वजनिक पद उत्तम सांभाळले त्याला पदावर बसवावे, आणि ज्याचे खाजगी जीवन उत्तम त्याला खाजगी जीवनातच राहू द्यावे. ह्या विनोदामागे गंभीर तत्त्व होते. १८८१ मध्ये नोकरी न मिळालेल्या एका इसमाने अध्यक्ष गारफील्ड ह्यांच्यावर गोळी झाडली होती, आणि १८८३ च्या पेंडलटन कायद्याने सरकारी नोकऱ्यांत परीक्षापद्धती नुकतीच सुरू झाली होती. कार्ल शुर्झ, जॉर्ज विल्यम कर्टिस, ‘नेशन’चे संपादक गॉडकिन ह्या मगवंप पुढाऱ्यांना हीच सुधारणा सर्वांत महत्त्वाची वाटत होती.

सर्वच सुधारणावादी मात्र बाहेर पडले नाहीत. ब्लेन ह्यांच्या उमेदवारीस विरोध करणारे थिओडोर रूझव्हेल्ट आणि हेन्री कॅबट लॉज हे दोघे तरुण शेवटी पक्षातच राहिले, आणि बॉस्टनमधील जुन्या स्नेह्यांचा रोष लॉज ह्यांना सोसावा लागला.

निकाल अत्यंत अटीतटीचा लागला. क्लीव्हलंड ह्यांना २१९ आणि ब्लेन ह्यांना १८२ निर्वाचकमते मिळाली. न्यूयॉर्क राज्याची ३६ मते निर्णायक ठरली, आणि ती अकरा लाखांहून अधिक मतदानात अवघ्या अकराशेच्या आसपास मताधिक्याने क्लीव्हलंड ह्यांच्याकडे गेली. हा विजय मगवंपांनी घडविला, असे त्यांचे चाहते म्हणत आले आहेत. परंतु इतक्या अल्प फरकाचे श्रेय कोणत्याही एका कारणास देता येत नाही. मद्यपानबंदी पक्षाच्या उमेदवाराने त्या राज्यात सुमारे २५,००० मते घेतली. आणि २९ ऑक्टोबरला ब्लेन ह्यांच्यासमोर एका पाद्र्याने डेमोक्रॅटांचा संबंध दारू, रोमन पंथ व बंडखोरी ह्यांच्याशी जोडल्यामुळे आयरिश कॅथलिक दुखावले. उलट, मगवंपांचे माहेरघर जे मॅसॅच्युसेट्स, तेथे ब्लेन हेच विजयी झाले.

मगवंपांचे खरे मूल्यमापन ह्या आकड्यांच्या पलीकडे करावे लागते. त्यांनी व्यक्ती आणि पक्ष ह्यांची फारकत केली. पण मत ज्या तिकिटावर पडले ते पक्षाचे होते, आणि तो पक्ष दक्षिणेतील गोऱ्यांच्या वर्चस्वाचा आधार होता. यादवी युद्धात मुक्त गुलामांच्या पलटणीचे नेतृत्व केलेले टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन हेही मगवंपांत होते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. पुढील घटना अधिक बोलक्या आहेत. दक्षिणेतील कृष्णवर्णीय मतदारांच्या संरक्षणासाठी १८९० मध्ये संघीय निवडणूक विधेयक आणले ते पक्षनिष्ठ लॉज ह्यांनी. सिनेटमध्ये ते बारगळले. आणि संघीय निवडणूक-संरक्षणाचे जुने कायदे रद्द करणाऱ्या १८९४ च्या कायद्यावर स्वाक्षरी झाली ती दुसऱ्यांदा अध्यक्ष झालेल्या क्लीव्हलंड ह्यांची. नोकऱ्यांतील शुचितेसाठी दिलेल्या मताबरोबर दुसऱ्याच कोणाच्या तरी मताधिकाराचा सौदा होत होता. ज्यांची किंमत द्यावी लागली, त्यांना ह्या निवडीत विचारले गेले नव्हते.

गुप्त मतपत्रिका १८८८ पासून राज्याराज्यांत येऊ लागली, आणि स्वतंत्र मतदानाची उघड किंमत उतरली. तिच्याबरोबर शब्दाचा अर्थही पालटला. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दि अमेरिकन व्होटर’ ह्या ग्रंथात मिशिगन विद्यापीठाच्या चार अभ्यासकांनी दाखविले की, स्वतःस स्वतंत्र म्हणविणारे मतदार सरासरीने राजकारणाविषयी कमी उत्सुक व कमी माहितगार असतात. नंतरच्या संशोधनातून असेही दिसले की, त्यांतील बहुसंख्य लोक एका पक्षाकडे झुकलेले असतात आणि मत बहुधा त्यालाच देतात. आज सुमारे चार दशांश वा त्याहून अधिक अमेरिकन स्वतःस स्वतंत्र म्हणवितात. अनेक राज्यांत मतदारनोंदणीच्या वेळीच पक्ष लिहिला जात असल्यामुळे हा शब्द एक कार्यालयीन वर्गही झाला आहे. मराठीतील ‘अपक्ष’ हा शब्द येथे पुरा पडत नाही. कारण आपल्याकडे अपक्ष असतो तो मुख्यतः उमेदवार, अमेरिकेत मतदार.

एकाच शब्दाच्या पोटात असे तीन भिन्न मनुष्य नांदत आहेत : चार लोकांसमक्ष पक्ष सोडणारा, राजकारणाकडे पाठ फिरविणारा, आणि नावापुरता अलिप्त राहून ठरलेल्या बाजूस मत देणारा. अभ्यासकाने आकडेवारी वाचताना त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. पहिल्या प्रकारच्या मतदाराविषयी आदर बाळगूनही त्याच्या निर्णयाची कसोटी त्याच्या हेतूच्या शुद्धतेवर थांबत नाही, हे १८८४ चे प्रकरण शिकविते. त्याने निवडलेल्या व्यक्तीच्या मागून कोण सत्तेवर आले आणि त्याचा भार कोणावर पडला, हेही त्या निर्णयाच्याच हिशेबात धरावे लागते.