अमेरिकेतल्या आडबाजूच्या काउंटीत फेलनी खटल्याचे रेकॉर्ड कसे शोधतात?

फेब्रुवारी २०२१ मध्ये एक व्हिडिओ जगभर फिरला होता. झूमवर कोर्टाची सुनावणी सुरू आहे, आणि एका वकिलाच्या जागी स्क्रीनवर मांजराचं पिल्लू दिसतंय. "मी मांजर नाहीये," असं तो वकील न्यायाधीशांना काकुळतीने सांगतोय. हा व्हिडिओ पाहिला नाही असा माणूस सापडणं कठीण. ते कोर्ट होतं टेक्सासचं ३९४ वं डिस्ट्रिक्ट कोर्ट.

या एका कोर्टाच्या हद्दीत मेक्सिकोच्या सीमेजवळच्या पाच काउंट्या येतात: ब्रूस्टर, कल्बर्सन, हडस्पेथ, जेफ डेव्हिस आणि प्रेसिडिओ. सगळ्यांचं क्षेत्रफळ मिळून महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाहून जास्त भरतं. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या मात्र सुमारे २३ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या छोट्या नगरपरिषदेएवढी. एकटी ब्रूस्टर काउंटी आकाराने साधारण पुणे जिल्ह्याएवढी आहे आणि तिथे साडेनऊ हजार माणसं राहतात. अशा ठिकाणी एखाद्यावर गंभीर गुन्ह्याचा खटला झाला होता का, आणि झाला असेल तर निकाल काय लागला, हे शोधायचं कसं?

शोधण्याआधी फेलनी म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत गुन्ह्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. किरकोळ गुन्हा म्हणजे मिसडिमीनर आणि गंभीर गुन्हा म्हणजे फेलनी. टेक्सासमध्ये मिसडिमीनरला जास्तीत जास्त एक वर्ष काउंटीच्या तुरुंगात काढावं लागतं. फेलनीची सर्वांत खालची पायरी १८० दिवस ते दोन वर्षं अशी आहे. तिथून वर चढत जन्मठेप आणि मृत्युदंडापर्यंत शिक्षा जाते. हा फरक माहीत असणं गरजेचं आहे, कारण दोन्ही प्रकारची कागदपत्रं वेगवेगळ्या दप्तरांत असतात. फेलनीचे खटले डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात आणि त्यांचं दप्तर डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे असतं. मिसडिमीनरचं दप्तर बहुतेक ठिकाणी काउंटी क्लर्ककडे, आणि नुसत्या दंडाची प्रकरणं जस्टिस ऑफ द पीसच्या कोर्टात. ज्या काउंटीची लोकसंख्या आठ हजारांपेक्षा कमी आहे, तिथे दोन्ही क्लर्कांचं काम एकाच निवडून आलेल्या व्यक्तीकडे देण्याची मुभा टेक्सासच्या राज्यघटनेतच आहे. म्हणजे लहान काउंटीत जमिनीची खरेदीखतं, लग्नाचे परवाने आणि खुनाच्या खटल्याची फाईल एकाच टेबलावर सापडू शकते.

आपल्याकडे ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा, कोर्ट आणि वर्ष निवडून पक्षकाराच्या नावाने केस बघता येते. अमेरिकेतही सगळं ऑनलाइन असेल असा समज असतो. ह्यूस्टन, डॅलससारख्या मोठ्या शहरांच्या काउंट्यांबाबत तो बराचसा खराही आहे. पण टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचा कारभार वेगळा. राज्याचं री-सर्च-टीएक्स नावाचं पोर्टल आहे, त्यावर खातं उघडून शोध घेता येतो. मात्र फौजदारी फाईलमधला प्रत्येक कागद तिथे सर्वांना दिसेलच असं नाही, आणि ई-फायलिंगच्या आधीची प्रकरणं तर बहुतेक कागदावरच आहेत. म्हणून आडबाजूच्या काउंटीसाठी सर्वांत खात्रीचा मार्ग आजही जुनाच आहे: क्लर्कच्या ऑफिसला फोन करायचा किंवा लेखी अर्ज पाठवायचा.

अर्जात पूर्ण नाव, माहीत असल्यास जन्मतारीख आणि अंदाजे वर्ष द्यावं. केसला तिथे कॉज नंबर असतो. तो हाताशी असेल तर काम मिनिटांचं. नसेल तर नावावरून शोधण्यासाठी डिस्ट्रिक्ट क्लर्क वेगळी फी घेऊ शकतो. साध्या प्रतींसाठी पानामागे साधारण एक डॉलर पडतो. "सगळी फाईल द्या" असं म्हटलं तर बिल फुगतं आणि हाती बरेचसे निरुपयोगी अर्ज व नोटिसा येतात. तीन कागद मागितले तरी बहुतेक वेळा पुरतं: इंडाइटमेंट, म्हणजे ग्रँड ज्युरीने ठेवलेला आरोप, डॉकेट शीट, म्हणजे कोर्टात कोणत्या दिवशी काय झालं त्याची नोंद, आणि जजमेंट, म्हणजे शेवटचा निकाल.

कागद मागायला कारण सांगावं लागत नाही. कोर्टाची कागदपत्रं पाहण्याचा आणि त्यांच्या प्रती घेण्याचा सर्वसाधारण हक्क जनतेला आहे, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये निक्सन विरुद्ध वॉर्नर कम्युनिकेशन्स या खटल्यात मान्य केलं. हा हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात आहे. इथे एक गंमत आहे. आपल्या माहिती अधिकारासारखा टेक्सासचा जो पब्लिक इन्फर्मेशन अ‍ॅक्ट आहे, तो कोर्टांना लागू होत नाही. शेरीफच्या ऑफिसला तो लागू होतो. त्यामुळे अटकेची प्राथमिक माहिती हवी असेल तर शेरीफकडे त्या कायद्याखाली अर्ज करायचा आणि खटल्याचे कागद क्लर्ककडे मागायचे. पत्ता चुकला की उत्तर येतं, "आमच्याकडे असं काही नाही." त्यावरून खटलाच झाला नाही असा निष्कर्ष काढला जातो.

सोशल मीडियावर सर्वाधिक गोंधळ होतो तो इथेच. अटकेनंतरचा फोटो लगेच फिरायला लागतो. पण टेक्सासमध्ये फेलनीचा आरोप सर्वसाधारणपणे ग्रँड ज्युरीसमोर जातो. तिच्या १२ सदस्यांपैकी किमान ९ जणांनी होकार दिला तरच इंडाइटमेंट निघतं. होकार मिळाला नाही तर खटला उभाच राहत नाही. अटक आणि इंडाइटमेंट यांच्यात कित्येक आठवडे किंवा महिने जाऊ शकतात आणि त्या काळात डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे त्या नावाची फाईल नसूही शकते. प्रसिद्ध उदाहरण गायक विली नेल्सन यांचं. नोव्हेंबर २०१० मध्ये हडस्पेथ काउंटीतल्या सिएरा ब्लँका इथल्या तपासणी नाक्यावर त्यांच्या बसमध्ये गांजा सापडल्यावरून त्यांना अटक झाली, जगभर बातमी झाली. प्रकरण पुढे दंडावर मिटलं. त्या मिटण्याची बातमी किती जणांनी वाचली असेल?

निकालाचा कागद वाचतानाही एक शब्द जपून वाचायला हवा: डिफर्ड अ‍ॅज्युडिकेशन. यात आरोपी गुन्हा कबूल करतो किंवा आरोपाला विरोध करत नाही, पण न्यायाधीश त्याला दोषी ठरवणं पुढे ढकलतात आणि काही अटींवर देखरेखीखाली ठेवतात. अटी पाळल्या तर खटला रद्द होतो आणि माणसावर दोषसिद्धीचा शिक्का बसत नाही. फाईल मात्र दिसत राहते. अशा माणसाला पोस्टमध्ये सरसकट 'गुन्हेगार' म्हणणं साफ चूक आहे. काही जण नंतर कोर्टाकडून नॉनडिस्क्लोजरचा आदेश मिळवतात, मग ती नोंद सर्वसामान्यांना दिसत नाही. निर्दोष सुटलेल्यांना एक्सपंक्शन मागता येतं. त्यात नोंदच पुसली जाते आणि क्लर्कचं उत्तर कायद्यानेच "असं काही नाही" असतं. १७ वर्षांखालच्या मुलांची प्रकरणंही सहसा मिळत नाहीत. टेक्सास १७ वर्षांच्या मुलाला फौजदारी खटल्यासाठी प्रौढ धरतं, हे तिथे शिकायला गेलेल्या मुलांच्या पालकांना माहीत असलेलं बरं.

क्लर्कखेरीज दोन जागा उपयोगी पडतात. राज्याच्या डीपीएस या खात्याच्या साइटवर थोडी फी भरून राज्यभरातल्या दोषसिद्धी नावावरून शोधता येतात, आणि राज्याच्या तुरुंगखात्याच्या साइटवर सध्या तुरुंगात असलेल्यांची माहिती फुकट मिळते. सीमेलगतच्या भागासाठी तिसरी जागा महत्त्वाची. तस्करी आणि घुसखोरीचे कित्येक खटले काउंटीत चालतच नाहीत. ते फेडरल कोर्टात जातात आणि त्यांच्या फायली पेसर नावाच्या फेडरल पोर्टलवर असतात. तिथे पानाला १० सेंट पडतात, एका कागदपत्राला कमाल ३ डॉलर. तिमाहीत ३० डॉलर किंवा त्याहून कमी खर्च झाला तर बिल माफ.

नावावरून पैसे घेऊन 'पूर्ण गुन्हेगारी इतिहास' देणाऱ्या खासगी साइट्सवर फार विसंबू नये. त्या जुना डेटा विकत घेतात, पुढे रद्द झालेला खटला त्यांच्याकडे तसाच पडून असतो, आणि सारख्या नावाची दोन माणसं एकत्र होतात. सीमाभागात तर एकाच नावाची माणसं सहज भेटतात, त्यामुळे जन्मतारीख जुळल्याशिवाय कागद त्याच व्यक्तीचा समजू नये. नोकरी किंवा भाडेकरूसाठी एजन्सीमार्फत पार्श्वभूमी तपासायची असेल तर फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट हा फेडरल कायदा लागू होतो. त्यानुसार नोकरीसाठी उमेदवाराची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, आणि अहवालामुळे नोकरी नाकारायची असेल तर त्याला त्याची प्रत देऊन चूक दाखवण्याची संधी द्यावी लागते.