विमानचालकांची षाण्मासिक परीक्षा : मूळ व प्रत

प्रवासी विमान चालविणाऱ्या माणसास एकदां सनद मिळाली म्हणजे तो जन्माचा वैमानिक झाला, अशी सामान्य लोकांची समजूत असते. ती खरी नाहीं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान-वाहतूक संघटनेच्या करारनाम्याच्या सहाव्या परिशिष्टांत असा दंडक आहे कीं, प्रत्येक वैमानिकाची कसोटी कोणत्याहि एका वर्षाच्या अवधींत दोन वेळां झाली पाहिजे. आणि एकसारख्या दोन कसोट्या चार महिन्यांच्या आंत उरकून घेतल्यास तेवढ्यानें हा दंडक पुरा होत नाहीं. ह्या शेवटल्या कलमावरून नियम करणारांना परीक्षार्थ्यांचा स्वभाव चांगला ठाऊक होता असें दिसतें. सारें आयुष्य शाळेंत घालविलेल्या प्रस्तुत लेखकास त्याचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

ही कसोटी आज बहुधा आकाशांत होत नाहीं. विमानाच्या चालक-कक्षासारखा हुबेहूब कक्ष जमिनीवर उभा करून त्यांत ती घेतली जाते. त्या यंत्रास सिम्युलेटर म्हणतात. म्हणजे मूळ विमान बाजूला राहून त्याच्या प्रतीवर माणसाची परीक्षा होते. मूळ पोथी हातीं नसतांना प्रतीवरून पाठ ठरविण्याचें काम आपल्या त्रैमासिकाचे वाचक नित्य करितात. तेव्हां ही प्रत कशी सिद्ध झाली, ती कोठें शुद्ध व कोठें भ्रष्ट निघाली, ह्याची चौकशी त्यांना अगदींच परकी वाटूं नये.

ह्या यंत्राचा पहिला अवतार फार साधा होता. फ्रान्समध्यें आंत्वानेत विमानें बनविणाऱ्या मंडळींनीं १९१० च्या सुमारास पिंपाचे दोन अर्धे तुकडे एकावर एक बसविले. वरच्यांत उमेदवार बसे आणि शिक्षक तें पिंप हातांनीं कलवीत. उमेदवारानें समोरची दांडी क्षितिजाशीं जुळवून धरावयाची, एवढाच अभ्यास. खरा आरंभ अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील बिंगहॅम्टन येथें झाला. तेथें लिंक घराण्याचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. त्या घरांतील एडविन लिंक ह्यास उड्डाणाचें वेड. पण विमानांत बसून शिकण्याचा खर्च भारी. त्यानें कारखान्याच्या तळघरांत, ऑर्गनाच्या भात्यांचाच उपयोग करून, जागच्या जागीं कलणारें व वळणारें एक लहानसें विमान १९२९ पर्यंत तयार केलें. १९३१ सालीं मिळालेल्या पेटंटांत हें साधन शिक्षणाचें व करमणुकीचेंहि असल्याचें म्हटलें आहे, आणि पहिलीं गिऱ्हाइकें खरोखरच करमणुकीच्या बागांचीं निघालीं. १९३४ सालीं अमेरिकन सैन्याकडे टपाल वाहण्याचें काम आलें. धुक्यांत व रात्रीं केवळ कांट्यांकडे पाहून विमान चालविण्याची संवय नसल्यामुळें थोडक्या आठवड्यांत कित्येक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हां कोठें सैन्यानें प्रत्येकीं ३,५०० डॉलर देऊन सहा यंत्रें घेतलीं. दुसरें महायुद्ध संपेपर्यंत अशीं १०,००० हून अधिक यंत्रें तयार झालीं.

लिंकच्या यंत्राचा एक भाग लेखसंग्राहकांनीं विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. शिक्षकाच्या मेजावर नकाशा पसरलेला असे, व शाईच्या चाकाचें एक लहान यंत्र उमेदवाराच्या काल्पनिक प्रवासाची रेघ त्यावर ओढीत जाई. त्यास 'खेकडा' म्हणत. उमेदवार कोठें भरकटला तें कागदावर राही. वादास जागा उरत नसे.

परीक्षेचें दुसरें अंग म्हणजे लिखित यादी, जीस चेकलिस्ट म्हणतात. ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं ओहायो राज्यांतील राइट फील्ड येथें बोइंग कंपनीचें मॉडेल २९९ हें चार इंजिनांचें नवें विमान उडतांच कोसळलें. मेजर प्लॉयर हिल व कंपनीचा वैमानिक लेस्ली टॉवर हे त्यांत मरण पावले. विमान उभें असतांना वाऱ्यानें सुकाणूं हलूं नये म्हणून घातलेला अडसर काढावयाचा राहून गेला होता. चालविणारे कांहीं नवशिके नव्हते. उलट दोघेहि नाणावलेले. त्यानंतर उड्डाणापूर्वीं, उड्डाणांत, उतरण्यापूर्वीं व उतरल्यावर करावयाच्या गोष्टी लिहून ठेवून त्या वाचूनच करण्याची रीत पडली. आपल्याकडे कंठस्थ विद्येचा मान मोठा, ग्रंथांत राहिलेल्या विद्येचा भरंवसा कमी. विमानविद्येनें हा क्रम फिरविला: पाठ येत असलें तरी वाचूनच म्हटलें पाहिजे. मात्र कांहीं थोड्या गोष्टी अशा आहेत कीं त्यांत पान उलटण्यास अवसर नसतो. कक्षांतील हवेचा दाब गेला तर आधीं प्राणवायूचा मुखवटा चढवावयाचा, यादी मागाहून. कंठस्थ कोणतें व ग्रंथस्थ कोणतें हा विवेक परीक्षार्थ्यास प्रथम शिकावा लागतो.

पॅन अमेरिकन कंपनीनें १९४८ सालीं स्ट्रॅटोक्रूझर विमानाची संपूर्ण प्रतिकृति वापरांत आणली. ती हलत नसे, व तिच्या खिडकींतून कांहीं दिसतहि नसे. त्यामुळें कसोटीचा बराच भाग पुढें पुष्कळ वर्षें खऱ्या विमानांतच होत राहिला. परीक्षकानें चालत्या इंजिनाची शक्ति मुद्दाम काढून घ्यावी आणि उमेदवारानें विमान सांवरून उतरवावें, अशी ती परीक्षा. ३० मार्च १९६७ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें डेल्टा कंपनीचें डी-सी-८ विमान असाच दोन इंजिनें बंद पडल्याचा अभ्यास करीत असतां वस्तींत कोसळलें. आंतील ६ व जमिनीवरील १३ माणसें मेलीं. ज्या विपत्तीपासून वांचण्याचें शिक्षण द्यावयाचें, ती विपत्तीच शिक्षणानें ओढवून घ्यावी ही गोष्ट फार काळ चालणें शक्य नव्हतें. संगणकाच्या साह्यानें दृश्यें व हालचाली उमटूं लागल्यावर परीक्षा हळूहळू प्रतीकडे गेली.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अशा तयारीची आपली वही आम्हांस पाहावयास दिली. मूळ काळ्या शाईंत, टीका तांबड्या शाईंत, व महत्त्वाच्या ओळींवर पिवळी शाई. जुन्या पोथ्यांत हरताळ लावून अक्षर रद्द करीत, येथें पिवळें तें मुख्य. पुढल्या संशोधकांनीं घोटाळा करूं नये! वहींत प्रथम विमानाच्या मर्यादा, मग कंठस्थ कलमें, मग दोघां चालकांनीं परस्परांस मोठ्यानें सांगावयाचे शब्द. सर्वांत अधिक पानें धांवपट्टीवर इंजिन बंद पडण्याच्या प्रसंगास दिलीं आहेत. प्रत्येक उड्डाणासाठीं एक निर्णयवेग आधीं काढलेला असतो, त्यास 'व्ही-वन' म्हणतात. त्यापूर्वीं इंजिन गेलें तर थांबावें; तो ओलांडल्यावर गेलें तर उरलेल्या इंजिनावर उडालेंच पाहिजे, कारण पुढें थांबण्याइतकी पट्टी शिल्लक असेलच असें नाहीं. परीक्षेपूर्वीं कांहीं दिवस हा गृहस्थ भिंतीवर चालक-कक्षाचें कागदी चित्र लावून, एकेका कळीचें नांव घेत तिला बोटानें स्पर्श करीत बसतो. संध्येंतील अंगन्यासाची आठवण झाली.

ह्या तयारीस घोकंपट्टी म्हणून हंसणारांनीं १९ जुलै १९८९ चा प्रसंग पाहावा. युनायटेड कंपनीच्या २३२ क्रमांकाच्या विमानाचें शेपटीकडील इंजिन फुटून सुकाणूं चालविणारे तेलाचे तिन्ही मार्ग तुटले. डेनिस फिच नांवाचा त्याच कंपनीचा एक शिक्षक-वैमानिक त्यांत प्रवासी होता. १९८५ सालीं जपानांत अशाच कारणानें ५२० माणसें मेल्यावर त्यानें सिम्युलेटरमध्यें केवळ इंजिनांची शक्ति कमीजास्त करून विमान वळविण्याचा अभ्यास केला होता. तो पुढें जाऊन बसला. सू सिटीच्या धांवपट्टीवर विमान आदळून फुटलें खरें, पण २९६ पैकीं १८४ जण वांचले.

परंतु प्रत भ्रष्टहि असूं शकते. १२ नोव्हेंबर २००१ रोजीं अमेरिकन एअरलाइन्सचें ५८७ क्रमांकाचें एअरबस विमान न्यूयॉर्कहून निघालें. पुढें गेलेल्या मोठ्या विमानामागें राहिलेल्या हवेच्या भोंवऱ्यांत तें शिरतांच सहवैमानिकानें सुकाणूं आळीपाळीनें दोन्ही बाजूंस जोरानें दाबलें. शेपटीवरील उभें पातें तुटून पडलें व एकंदर २६५ माणसें मेलीं. चौकशी मंडळानें मुख्य दोष ह्या अतिरेकी सुकाणूं-प्रयोगाचा ठरविला, पण सुकाणूंची रचना व कंपनीच्या शिक्षणक्रमांतील कांहीं भाग ह्यांनींहि त्यास हातभार लावल्याचें नोंदलें. त्या शिक्षणक्रमांत सिम्युलेटरमध्यें भोंवऱ्यानें विमान पार आडवें होई, आणि कांहीं क्षण चालकाच्या हातापायांचा परिणामच होऊं नये अशी योजना असे. खरें जड विमान भोंवऱ्यांत असें वागत नाहीं. शिष्यानें पाठ चोख केला होता. पाठच प्रक्षिप्त होता. बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ माणसें मेल्यानंतर मे २०१९ मध्यें कंपनीनें जें मान्य केलें तें ह्याच जातीचें: सिम्युलेटरमध्यें एक चक्र हातानें फिरविण्यास खऱ्या विमानाइतका जोर लागत नसे.

प्रत शुद्ध असली तरी आणखी एक अडचण राहतेच, आणि आमच्या मतें ती अधिक खोल आहे. स्टीफन कॅसनर व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत १८ वैमानिकांची परीक्षा वर्णिली आहे. उड्डाणसमयीं इंजिन जाणें वगैरे नेहमींचे प्रसंग परिचित रीतीनें आले तेव्हां उत्तरें बिनचूक व तत्काळ आलीं. तेच प्रसंग अनपेक्षित रीतीनें आले तेव्हां उत्तरांस उशीर लागला व त्यांत एकवाक्यता राहिली नाहीं. प्रश्न पाठ होता, त्याचा क्रम मोडला गेला, एवढेंच. वरील वहींतहि प्रसंग कसोटीच्या क्रमानेंच लिहिलेले आहेत. वेदपाठकांनीं क्रम, जटा, घन असे पाठ योजून तींच पदें उलटसुलट म्हणण्याची संवय लावली. हेतु पाठरक्षणाचा होता हें खरें, पण केवळ ओघानें आलेली स्मृति फसवी असते हें त्यांनीं ओळखलें होतें. परीक्षकांनीं प्रसंगांचा क्रम व वेळ दर खेपेस बदलावी, ही सूचना त्यामुळें आम्हांस नवी वाटली नाहीं.

ह्या परीक्षेचा इतिहास लिहिणारास मोठी अडचण साधनांची पडते. वैमानिकांच्या नियमपुस्तकांत बदललेल्या ओळीशेजारीं समासांत उभी रेघ असते, चालू पानांची तारीखवार यादी जोडलेली असते. इतकी दक्षता आपल्या पोथ्यांच्या वांट्यास क्वचितच आली. पण नवें पान आलें कीं जुनें काढून नष्ट करावयाचें, हाहि नियमच. जुनें पान चालकाजवळ राहणें धोक्याचें असल्यामुळें तो नियम योग्य आहे. फक्त त्यायोगें कोणती कसोटी केव्हां शिरली व केव्हां गळली ह्याचा पुरावा नाहींसा होतो. आतां तर पुष्कळ ठिकाणीं कागदहि उरला नाहीं. तरी निवृत्त वैमानिकांच्या घरीं अशा वह्या, बाद पानें व परीक्षकांचे शेरे अजून निघण्याचा संभव आहे. संग्राहकांच्या हातीं तीं आल्यास तारखांप्रमाणें लावण्याच्या भरीस पडूं नये. ज्या क्रमानें सांपडलीं त्याच क्रमानें बांधून ठेवावीं, आणि पाठकोऱ्या बाजूवरील पेन्सिलीच्या टिपा खोडूं नयेत.