नेहमीचंच दुखणं: शेवटचे ६० तास

हा घटनाक्रम कुणा एका रुग्णाचा नाही. किडनी रोपणानंतर वारंवार होणारा मूत्रसंसर्ग ज्या वाटेने जीवघेणा होतो, त्या वाटेवरून तो रचला आहे. बाई ४६ वर्षांच्या, धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या. आईने दिलेली किडनी पुण्यात बसवून चार वर्षं झाली आहेत. दिवस मे महिन्याचे.

शुक्रवार, रात्री ९. उरले ६० तास.

रात्रीची टॅक्रोलिमसची गोळी घेताना त्या म्हणतात, “अहो, परत उन्हाळी लागलीय.” वर्षभरातली ही चौथी खेप, त्यामुळे घरात कुणी दचकत नाही. धने-जिरे भिजत पडतात.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, की वैद्यकशास्त्र त्याला ‘वारंवार होणारा’ म्हणतं आणि कारण शोधायला सांगतं. घरात मात्र उलटंच घडतं. जितक्या वेळा दुखणं येतं, तितकी त्याची भीती कमी होत जाते. मला या सगळ्या तासांत सर्वांत घातक वाटते ती ही सवय.

रोपण केलेली किडनी पाठीकडे नसते, ओटीपोटात एका बाजूला, जांघेच्या वर असते. तिची मूत्रनलिका मूत्राशयाला नव्याने जोडलेली असते. मूळच्या जोडाला झडपेसारखी रचना असते, त्यामुळे लघवी उलटी वर चढत नाही. नवा जोड तितका पक्का असेलच असं नाही. शिवाय बायकांचा मूत्रमार्ग आखूड. बाहेरून मूत्राशय आणि तिथून किडनी, जंतूंना अंतर थोडंच उरतं.

शनिवार, सकाळी ८. उरले ४९ तास.

डब्यात मागच्या वेळच्या नायट्रोफ्युरँटॉइनच्या तीन गोळ्या उरल्या आहेत. त्या एक घेतात.

इथे थांबायला हवं होतं. गोळी घेण्याआधी लॅबमधून निर्जंतुक डबी आणून, मधल्या धारेची लघवी कल्चरला द्यायची, एवढंच काम होतं. जंतू कोणता, त्याच्यावर कोणतं औषध चालतं, हे साधारण दोन-तीन दिवसांत कळलं असतं. गोळी पोटात गेली, की कल्चरमध्ये जंतू उगवेलच याचा भरवसा नाही. दुसरं असं, की हे औषध मूत्राशयात साठून काम करतं. किडनीच्या मांसात ते पुरेसं पोचत नाही. जंतू वर चढले असतील तर त्याचा उपयोग नाही.

शनिवार, रात्री ९. उरले ३६ तास.

जळजळ कमी झाली. सगळे निर्धास्त.

आपल्या मूळच्या किडनीला संसर्ग झाला तर कंबरेतून कळ येते, माणूस वाकडा होतो. रोपणात नव्या किडनीच्या नसा तुटलेल्या असतात, त्या जोडल्या जात नाहीत. त्यामुळे अशी कळ येईलच असं नाही. तापाचंही तसंच. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमस, प्रेडनिसोलोन आणि मायकोफेनोलेट ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात आणि तिच्याबरोबर तापही दाबू शकतात. थर्मामीटर ९९ दाखवतो. रोपण झालेल्या माणसाच्या ९९ कडे दुसऱ्या कुणाच्या १०२ इतक्याच गांभीर्याने पाहायला हवं.

रविवार, सकाळी ११. उरले २२ तास.

पुतणीचं लग्न. मंगल कार्यालयातलं बायकांचं स्वच्छतागृह जाण्यासारखं नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी धरून ठेवतात. हे लाखो बायका रोज करतात, पण या बाईंना ते परवडणारं नाही. रोपण झालेल्या बाईला “भरपूर पाणी प्या” असं सांगताना, जायला जागा कुठे आहे हेही विचारायला हवं.

दुपारी अंग ठणकतं. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक येतं. टॅक्रोलिमस किडनीचा रक्तपुरवठा आवळतं, त्यावर ही वेदनाशामक गोळी तो आणखी आवळते.

रविवार, रात्री ९. उरले १२ तास.

हुडहुडी भरते. उलटी होते, रात्रीची गोळीही तिच्यात पडते. फाईलवर रोपण समन्वयकाचा नंबर आहे. नवरा फोन हातात घेतो, मग म्हणतो, “रविवारची रात्र आहे, सकाळीच करू.”

त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. चार वर्षं लोकांचे उपकार घेत जगलेलं कुटुंब संकोचानेच वागतं. पण तो नंबर अशाच रात्रीसाठी दिलेला असतो, हे रोपणानंतर घरी सोडताना कुणीतरी दहादा सांगायला हवं.

सोमवार, पहाटे ३. उरले ६ तास.

संध्याकाळपासून लघवी नाही. त्या असंबद्ध बोलू लागल्या आहेत. १०८ ला फोन जातो.

सोमवार, पहाटे ५. उरले ४ तास.

तालुक्याच्या दवाखान्यात रक्तदाब ८० वर ५०, नाडी १३०. डॉक्टर तरुण आहेत आणि चुकत नाहीत. रक्ताचे नमुने घेतात, सलाइन धावतं सोडतात, पुण्याला पाठवण्याआधीच सेफ्ट्रायॅक्सोन देतात. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गाने रक्तदाब असा कोसळतो तेव्हा, पहिलं प्रतिजैविक तासाभरात द्यावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या कुमार आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, रक्तदाब घसरल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत योग्य औषधाला झालेल्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

मात्र औषध योग्य हवं. फेब्रुवारीतल्या कल्चरमध्ये ई-कोलाय उगवला होता. तो ईएसबीएल नावाचं विकर बनवणारा, म्हणजे सेफ्ट्रायॅक्सोन मोडून टाकणारा. तो कागद फाईलमध्ये आहे आणि फाईल घरी कपाटात. डॉक्टरांनी विचारलं, पण घाईत ती कुणी आणली नव्हती. त्या कागदाचा मोबाइलवर काढलेला एक फोटो पुरला असता.

सोमवार, सकाळी ९.

पुण्याच्या वाटेवर, रुग्णवाहिकेत, सलाइन चालू असूनही रक्तदाब ६० च्या वर येत नाही.

त्यानंतर.

अतिदक्षता विभागात रक्तदाब चढवायला नॉरअॅड्रेनालिन आणि अशा जंतूवर चालणारं मेरोपेनेम सुरू होतं. लघवी येत नाही म्हणून मानेत नळी घालून डायलिसिस, चार वर्षांनी पुन्हा. मायकोफेनोलेट थांबवावं लागतं, कारण जंतूंशी लढायला शरीराला बळ हवं. पण तेच बळ आईच्या किडनीवर उलटू शकतं. डॉक्टर रोज सकाळी या दोन धोक्यांचं माप काढत राहतात.

बाई वाचतात. किडनी पुन्हा चालेल का, हे कळायला काही आठवडे जातील. पाचव्या दिवशी तपासण्या लिहून दिल्या जातात: लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते याची सोनोग्राफी, नलिकेत खडा किंवा अरुंदपणा आहे का, लघवी उलटी चढते का याचा एक्स-रे, साखर. यातली एकही तपासणी फेब्रुवारीत अवघड नव्हती.