कोरा चेहरा

परवा धाकटी आत्या फोनवर म्हणाली, "तू डॉक्टर झालीस खरी, पण पेशंट गेला तर तुला काही वाटतं की नाही गं?" तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. २०१९ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मला ऑटिझम असल्याचं निदान झालं. तेव्हापासून हा प्रश्न घरातले सगळेच आडून आडून विचारतात. तिने निदान सरळ तरी विचारला! पण उत्तर द्यायला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

१ मे १८८९. फिलाडेल्फियात नव्याने डॉक्टर झालेल्या मुलांपुढे विल्यम ऑस्लर निरोपाचं भाषण करत होते. तिथलं काम सोडून ते बाल्टिमोरला, त्याच महिन्यात उघडणाऱ्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात निघाले होते. भाषणाचं नाव 'इक्वॅनिमिटास', म्हणजे साधारणपणे समचित्तता. डॉक्टरने कशानेही डगमगू नये, डोकं थंड ठेवावं, चेहऱ्यावर घालमेल दिसू देऊ नये. ती दिसली की रोग्याचा विश्वास उडतो, असं त्यांचं सांगणं. आपला गीतेतला स्थितप्रज्ञच, फक्त गळ्यात स्टेथोस्कोप. मन निबर होऊ देऊ नका, असंही त्यांनी त्याच भाषणात बजावलं होतं, पण ते सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता गंमत बघा. त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये १९३० साली लिओ कॅनर यांनी लहान मुलांसाठी मानसोपचाराचा विभाग सुरू केला. १९४३ मध्ये अकरा मुलांवरचा त्यांचा निबंध आला आणि ऑटिझम हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात तो रूढ होऊ लागला. (व्हिएन्नात हान्स आस्पर्गरही त्याच सुमारास लिहीत होते. ती गोष्ट वेगळी आणि बरीच काळी आहे.) माणसांशी भावनेचं नातं जोडण्याची क्षमताच या मुलांत जन्मतः नाही, असं कॅनर यांचं अनुमान. म्हणजे संस्था तीच, पण जो कोरा चेहरा ऑस्लरांना डॉक्टरचा गुण वाटला, तो चोपन्न वर्षांनी तिथेच आजाराच्या खात्यात जमा झाला.

खुद्द ऑस्लरांचं काय? १८९३ मध्ये त्यांचा पहिला मुलगा आठवड्याभराचा होऊन गेला. तेव्हा त्यांनी बायकोला एक पत्र लिहिलं, त्या बाळाने स्वर्गातून आईला लिहिलंय असं. दुसरा मुलगा रेव्हिअर १९१७ च्या ऑगस्टमध्ये ईप्रच्या आघाडीवर जखमी होऊन गेला, एकवीस वर्षांचा. त्याला वाचवायला धडपडणाऱ्या सर्जनांत ऑस्लरांचे मित्र हार्वी कुशिंग होते. त्यानंतरही ऑस्लर काम करत राहिले, पण आतून सावरले नाहीत. १९१९ च्या डिसेंबरात गेले. हा माणूस थंड होता असं कोण म्हणेल?

त्यांचा चेहरा कमावलेला होता, माझा जन्मजात आहे, एवढाच फरक मला दिसतो.

काही वर्षांपूर्वी रात्रपाळीत एक तरुण मुलगा गेला. त्याच्या आईला मी तसंच सांगितलं, "तुमचा मुलगा गेला." आडवळणाचं बोलणं मला जमत नाही. त्याचा मामा ओरडला, "ही बाई आहे की दगड?" मी मृत्यूचा दाखला लिहिला आणि पुढच्या खाटेकडे गेले, कारण तिथल्या बाईंचं ब्लडप्रेशर पडत होतं. घरी आल्यावर मात्र दिवा न लावता दोन तास बाथरूममध्ये बसून होते. त्या मुलाचे मोजे निळे होते, डाव्याला अंगठ्याशी भोक होतं. आजही डोळ्यांपुढून जात नाही.

मामाचंही चुकलं नव्हतं. चेहरा वाचूनच तर माणसं आधार शोधतात, आणि माझ्या चेहऱ्यावर त्याला काहीच सापडलं नाही.

तेव्हापासून मी नातेवाइकांना आधीच सांगते, "माझ्या चेहऱ्यावर दिसत नाही, पण मला वाईट वाटतंय." सुरुवातीला फार विचित्र वाटायचं, पाठ केलेलं भाषण म्हटल्यासारखं. मागच्या महिन्यात एका आजींनी हे ऐकून माझा हात घट्ट धरला. मला स्पर्श सोसत नाही. तरी पाच-सात मिनिटं तो तसाच राहू दिला, हे आत्याला फोनवर सांगायचं राहिलं.