एका नांवाखालचीं अनेक घरें

मनुष्याच्या लक्षांत नांव राहतें. यंत्राचें काम मात्र आंकड्यांवर चालतें. अमेरिकेंत इ. स. १९६९ मध्यें आर्पानेट नामक संगणकांचें जाळें सुरू झालें. पुढील दशकांत नांवें आणि आंकडे यांचा मेळ घालण्यास तेथें एकच यादी पुरत असे. कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत, एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती यादी राखीत. नवें यंत्र जोडणारानें त्यांस कळवावें, त्यांनीं नोंद करावी आणि इतरांनीं तिची नक्कल उतरून घ्यावी, असा परिपाठ होता.

यंत्रें वाढलीं, तशी ही रीत अपुरी पडूं लागली. एकानें घेतलेलें नांव दुसऱ्यास वर्ज्य होई, आणि नोंदीचा सारा भार एकाच कचेरीवर पडे. इ. स. १९८३ मध्यें दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेंतील पॉल मोकापेट्रिस यांनीं यावर तोड काढली. नांवांचा एक वृक्ष कल्पावा, आणि प्रत्येक फांदीचा कारभार तिच्या धन्याकडेच सोंपवावा, ही ती योजना होय. ज्याचें मूळ नांव नोंदलेलें आहे, त्यानें त्याखालीं हवीं तितकीं पोटनांवें पाडावीं. वरच्या कचेरीस विचारण्याचें कारण उरलें नाहीं. या पोटनांवांस तंत्रज्ञ ‘सबडोमेन’ म्हणतात. तें मूळ नांवाच्या डावीकडे, मध्यें टिंब देऊन लिहितात.

जिनीव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेंत टिम बर्नर्स-ली यांनीं जगांतील पहिलें संकेतस्थळ उभारलें, तेंही ‘इन्फो.सर्न.सीएच’ अशा पोटनांवावरच प्रसिद्ध झालें. पुढें इ. स. १९९७ च्या नियमानें एक मोठी सोय झाली. पाहुण्यानें दार ठोठावतांना कोणाकडे आलों हें सांगावें, त्याप्रमाणें वाचकाच्या यंत्रानें हवें असलेलें नांव कळवावें, असें ठरलें. त्यामुळें एकाच यंत्रावर, एकाच आंकड्याखालीं, अनेक स्वतंत्र स्थळें नांदूं लागलीं.

या व्यवस्थेचें मोल विकिपीडिया या ज्ञानकोशावरून कळतें. जानेवारी २००१ मध्यें तो इंग्रजींत निघाला. मार्चमध्यें जर्मन भाषेस निराळें पोटनांव मिळालें आणि २००३ मध्यें ‘एमआर’ या अक्षरांखालीं मराठी कोश सुरू झाला. त्याचे लेख, त्याचे संपादक आणि त्याचें मुखपृष्ठ स्वतंत्र आहे. तो इंग्रजी कोशाचा अनुवादविभाग नव्हे. एका नांवाच्या आश्रयानें मराठीस स्वतःचा उंबरठा लाभला.

तथापि या स्वातंत्र्यास एक मर्यादा आहे. मूळ नांवाच्या धन्यानें तें सोडलें किंवा त्याची मुदत संपूं दिली, तर त्याखालचीं सारीं पोटनांवें निराधार होतात. म्हणून परक्या नांवाखालीं वर्षानुवर्षांचें लेखन सांठविणाऱ्यानें घर आपलें असलें तरी जमीन कोणाची, याची चौकशी आधीं करावी, आणि लेखनाची एक प्रत आपल्याजवळ राखावी.